द्राक्षबागांतून रामशेजकडे

आल्प्सच्या पायथ्याशी द्राक्षमळ्यांतून जाणाऱ्या वाटांचे फोटो हल्ली जवळपास प्रत्येक घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात. कुणाची मुलगी तिकडे नोकरीला असते, कुणाचा भाचा शिकायला. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले मळे, खाली निळं तळं आणि दूर टोकाला एखादा किल्ला. फोटो पाहून घरातलं कुणीतरी विचारतंच, ‘आपल्याकडे नाही का असं काही?’ आहे. नाशिकच्या पंचवटीतून निघालात तर साधारण पंधरा किलोमीटरवर आहे. पहाटे सायकल काढली तर दुपारच्या जेवणाला घरी परत येता येतं.

आधी तिकडचं थोडं समजून घेऊ. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी लावो नावाचा द्राक्षमळ्यांचा पट्टा आहे. अकराव्या-बाराव्या शतकात मठातल्या साधूंनी तिथल्या तीव्र उतारावर दगडी बांध रचायला सुरुवात केली. त्या बांधांमुळे माती टिकली आणि मळे आजही उभे आहेत. २००७ मध्ये हा पट्टा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्याच देशात बेलिनझोना या गावचे तीन किल्ले २००० साली या यादीत आले. घाट उतरून इटलीकडे जाणारी वाट अडवण्यासाठी ते बांधलेले होते. तिथे फिरणाऱ्याला पिवळ्या पाट्या वाट दाखवतात, त्यामुळे कुणाच्या बागेत चुकून शिरायची वेळ येत नाही.

आता आपली वाट. पंचवटीतून पेठ रस्त्याला लागायचं आणि आशेवाडीच्या फाट्याला वळायचं. शहर मागे पडलं की दोन्ही बाजूंना बागा सुरू होतात. लोखंडी अँगल, ताणलेल्या तारा, त्यावर चढवलेले वेल आणि समोर रामशेजचा काळा कातळ. किल्ला समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२०० फुटांवर असला, तरी नाशिकच मुळात उंचावर वसलेलं असल्यामुळे प्रत्यक्ष चढ फार नाही. आशेवाडीत सायकली लावून चढायला लागलं की पाऊण तासात माथा येतो. वाटेत रामाचं मंदिर आहे. वनवासात राम इथे विसावला, ही रामाची शेज, म्हणून रामशेज, अशी लोकांची श्रद्धा आहे. वर पाण्याची टाकी आहेत, दरवाजे आहेत, एक चोरदरवाजाही आहे. माथ्यावरून बाजूचे देहेरगड आणि भोरगड दिसतात. खाली पाहिलं तर बागांचे हिरवे चौकोन आणि मधूनमधून शेततळ्यांचा चमकता प्लास्टिकचा कागद.

मुलं बरोबर असतील तर वर बसून त्यांना वेढ्याची गोष्ट सांगा. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने या किल्ल्याला वेढा घातला. छत्रपती संभाजी महाराजांचा काळ. एवढासा किल्ला चार दिवसांत पडेल असं मोगलांना वाटलं होतं, पण तो १६८७ पर्यंत झुंजला. मोगल इतिहासकार खाफीखान याने लिहून ठेवलंय की किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून मावळ्यांनी लाकडं पोखरून त्यावर चामडं चढवलं आणि त्यातून मारा केला. एक सरदार थकला, दुसरा आला. त्याने एका मांत्रिकाला बोलावलं. मांत्रिक सोन्याचा साप हातात धरून फौजेच्या पुढे चालू लागला, तोच वरून गोफणीचा गोटा आला आणि तो साप हातातून सुटून पडला. ही गोष्टही खाफीखानाचीच. शेवटी किल्ला गेला तो लाच देऊन. मुलांना मांत्रिकाची गोष्ट आवडेल, शेवटचं वाक्य मोठ्यांच्या लक्षात राहील.

खाली उतरल्यावर बागांकडे नीट पाहा. युरोपातला वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपतो, म्हणून तिथे वर्षातून एकदा छाटणी पुरते. आपल्याकडे वेलाला झोपवेल अशी थंडीच पडत नाही. त्यामुळे आपला शेतकरी दोनदा छाटतो. उन्हाळ्यात एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, तिच्यामुळे काडी तयार होते. मग पावसाळा सरता सरता, ऑक्टोबरच्या आगेमागे फळछाटणी, तिच्यावर घड येतात. दोन छाटण्या आणि पीक एकच. त्यानंतर घडातले मणी कमी करायची विरळणी, घड औषधात बुडवायचं डिपिंग, भुरी आणि डाऊनीवर डोळ्यात तेल घालून लक्ष. थंडीची लाट आली की पहाटे बागेत शेकोट्या पेटतात. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत काढणी चालते आणि या दिवसांत एक अवकाळी पाऊस झाला तर तयार मणी तडकतात. वर्षभराचा खर्च, सोसायटीचं कर्ज, मुलांची फी, सगळं त्या तारेवर लटकलेलं असतं.

म्हणून या वाटेवरून जाताना काही गोष्टी पाळाव्या लागतात. रस्त्यावरून हात लांबवून घड तोडायचा नाही, हे तर झालंच. पण बागेत आत शिरून फोटोही काढायचा नाही. निर्यातीच्या बागेतल्या प्रत्येक फवारणीची नोंद ठेवावी लागते आणि औषधाचे अंश तपासून मगच माल जातो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडल्यामुळे आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले आणि त्याचा फटका हजारो शेतकऱ्यांना बसला. अनोळखी माणूस बागेत दिसला की शेतकरी हटकतो, त्यामागे हे आहे. शिवाय फवारणी झालेल्या बागेतलं द्राक्ष न धुता मुलांच्या तोंडात जाणं आपल्याही हिताचं नाही. खायचीच असतील तर रस्त्याकडेला क्रेट मांडून बसलेल्या बाईंकडून दोन किलो घ्या. भावात घासाघीस करू नका, पिशवी घरून न्या.

हे सदर मी जयपूरजवळच्या बगरूत बसून लिहिते. इथे छिपा समाजाची कुटुंबं पिढ्यान् पिढ्या ठशांनी कापड छापतात. चिखलाचा लेप लावलेलं, मग निळीत बुडवलेलं दाबू छपाईचं कापड मोकळ्या मैदानात उन्हात पसरलेलं असतं. बाहेरून आलेल्यांना ते मैदान म्हणजे सुंदर दृश्य वाटतं आणि कॅमेरा डोळ्याला लावून ते मागे मागे सरकत जातात. एखादा पाय ओल्या कापडावर पडला की छापणाऱ्याची मेहनत गेली. इथली माणसं पाहुण्यांना नको म्हणत नाहीत. कुठून चालायचं तेवढं सांगतात आणि तेवढं ऐकलं की चहाही पाजतात. द्राक्षबागेचं अगदी असंच आहे. आपल्यासाठी जो देखावा आहे ती दुसऱ्याची कामाची जागा आहे.

मग चालायचं कुठून? गावोगावी शिवरस्ते आणि पाणंद रस्ते आहेत. दोन गावांच्या शिवेवरून जाणारा तो शिवरस्ता, शेतांमधून जाणारी ती पाणंद. गावाच्या नकाशात त्यांची नोंद असते आणि त्यावरून जायचा हक्क सगळ्यांना असतो. शेताचा बांध मात्र मालकाचा. तिकडे पिवळ्या पाट्या जे काम करतात ते इथे एखादा रंगवलेला दगडही करू शकेल. ‘रामशेजकडे’ असा बाण, ‘बागेत शिरू नये’ अशी एक ओळ. ग्रामपंचायतीने मनावर घेतलं तर याला मोठा खर्च नाही. महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं आहे, त्यामुळे न्याहारी, राहण्याची खोली, बेदाण्यांची विक्री अशी जोड शेतकऱ्याच्या घरालाच देता येईल. पाऊस पडून घड तडकले त्या वर्षी अशी जोड फार कामाला येते.

आणि चालणाऱ्यांची, सायकल चालवणाऱ्यांची नाशिकला काही कमी नाही. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून तर शहरात पहाटेच्या सायकली आणखी वाढल्या. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. त्यात नाशिक जिल्ह्यातला साल्हेर आहे, द्राक्षांसाठीच प्रसिद्ध असलेल्या जुन्नरचा शिवनेरी आहे. रामशेज त्यात नाही. पण यादीतले किल्ले पाहायला लोक येतील तेव्हा त्यांची पावलं इकडेही वळतील. गर्दी व्हायच्या आधी वाट ठरलेली बरी, नाहीतर ती बागांतूनच पडेल.

जायचं असेल तर जानेवारीअखेर ते मार्चचा पहिला पंधरवडा बरा. घड भरलेले असतात आणि ऊन अजून सोसण्यासारखं असतं. सहाला निघा, पेठ रस्त्यावर ट्रकची वर्दळ असते, ती वाढायच्या आत फाटा गाठा. लहान मुलं असतील तर आशेवाडीपर्यंत गाडीने जा आणि तिथून चालत गावाभोवती फिरून मग चढा. डोक्याला टोपी, माणशी दोन लिटर पाणी, रिकामी पिशवी. गडावरचा कचरा त्याच पिशवीतून खाली आणा. द्राक्षांसाठी दुसरी ठेवा. आणि वाटेत कुणी बागाईतदार भेटलेच, तर ‘यंदा पाऊस कसा झाला, दादा?’ एवढं विचारून पाहा. पुढची माहिती या सदरापेक्षा ते जास्त चांगली देतील.