दूध बाधत नाही, नाक चोंदतं

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. आषाढात नाणे मावळात, पवन मावळात दिवसचे दिवस ऊन दिसत नाही. दुपटी वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटते. माहेरी आलेली लेक दोन आठवड्यांचं बाळ पदराखाली घेते. बाळ दोन-तीन घुटके घेतं, सोडतं, किंचाळतं, पुन्हा लागतं, पुन्हा सोडतं. घरात निदान तयारच असतं: गार पाणी प्यायली, ओल्या केसांनी बसली, दूध बाधलं. दोन दिवस अंगावर पाजू नको, पावडरचा डबा आणा.

निदान साफ चूक आहे. बाळाला दूध नको नसतं, त्याला श्वास पुरत नसतो.

तान्हं मूल मुख्यतः नाकानंच श्वास घेतं. चोखताना तोंड गुंतलेलं असतं आणि नाकाची वाट इतकी अरुंद, की चिमूटभर शेंबूडही ती अडवतो. म्हणून ते हवेसाठी स्तन सोडतं. आईच्या दुधात गार पाण्याचा गारवा उतरत नाही. ते तिच्या अंगाइतकंच कोमट असतं. आईला सर्दी असली तरी पाजणं थांबवायचं कारण नाही. सर्दीशी लढायला तिच्या शरीरात तयार होणारी प्रतिपिंडं दुधावाटे बाळाला मिळतात. तिनं हात धुवावेत, नाका-तोंडावर मास्क लावावा आणि पाजत राहावं. डब्याच्या दुधात ही प्रतिपिंडं नसतात, शिवाय पावसाळ्यातलं पाणी आणि बाटली हा वेगळाच घोर.

चोंदलेल्या नाकावर घरचा उपाय म्हणजे धुरी. ‘आमच्या पिढ्या धुरीवरच वाढल्या,’ हा आजीबाईंचा हुकमी मुद्दा. वाढल्या, खरं आहे. पण ज्या तान्ह्यांना ती सोसली नाही, ती साक्ष द्यायला उरली नाहीत. ओवा, वावडिंग, लसणाच्या सालींच्या धुरानं नाकाचं अस्तर आणखी सुजतं. बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो. नाकात सोडलेलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. कापराच्या बामनं झटके येऊ शकतात. आणि मोठ्यांचे नाक मोकळं करणारे थेंब तान्ह्याच्या नाकात घालणारे सुशिक्षित जावईबापू आजीपेक्षा शहाणे ठरत नाहीत. आजीचं एक मात्र बरोबर: बाळाला ऊब हवी. ती टोपडं, कोरडं दुपटं आणि आईच्या उघड्या छातीशी धरल्यानं मिळते.

उपाय साधा आहे. पाजण्याआधी पाच-दहा मिनिटं, बाळांसाठी मिळणारे मिठाच्या पाण्याचे एक-दोन थेंब प्रत्येक नाकपुडीत सोडावेत. मीठ घरी कालवू नये. सुटलेला शेंबूड मऊ कापडानं बाहेरूनच टिपावा, आत काडी घालू नये. मग बाळाचं डोकं उंच राहील असं धरून पाजावं. इथं बहुतेक आया दोन बोटांनी स्तन दाबून नाकाशी जागा करतात. त्यानं स्तनाग्र तोंडातून निसटतं. त्याऐवजी बाळाचं ढुंगण आपल्याकडे ओढून घ्यावं. हनुवटी स्तनात रुतते, डोकं मागे झुकतं आणि नाक आपोआप सुटतं. तरीही ओढवत नसेल तर दूध हातानं काढून वाटी-चमच्यानं, थोडं-थोडं, वारंवार द्यावं. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा वेळा शू होत असेल, तर पोट भरतंय. नुसती घुरघुर असेल आणि बाळ नीट पीत असेल, तर थेंबांचीही गरज नाही.

पण सर्दी कुठली आणि न्यूमोनिया कुठला, हे घरात कसं कळावं? याचं उत्तर महाराष्ट्रानंच देशाला दिलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांनाच नवजातांची देखभाल शिकवली. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अहवाल आला, नवजातांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. 2011 पासून देशभरातल्या आशाताई याच धर्तीवर घरी येतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी.

त्या आल्या की बाळ त्यांच्यापुढे उघडं करून श्वास मोजायला सांगा. मिनिटाला 60 किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजा. पुन्हा तेवढेच आले, छाती आत ओढली जात असेल, कण्हत असेल, ताप असेल, अंग गार पडलं असेल किंवा बाळानं पिणंच सोडलं असेल, तर शेगडी विझवा आणि 108 ला फोन करा. वाटेतही बाळ आईच्या छातीशीच असू द्या.