जवानाची रजा कचेरीत जाऊ नये

सीमेवरच्या जवानाला घरून पत्र पाठवायचे तर त्यावर गावाचे नाव नसते. नाव, क्रमांक, युनिट आणि '56 एपीओ' एवढे लिहिले की पुरते. तुकडी लडाखला असो की राजस्थानात, पत्ता तोच; तिचा खरा ठिकाणा पाहून टपालाची रवानगी लष्कराचीच यंत्रणा करते. पूर्वेकडच्या तुकड्यांसाठी '99 एपीओ'. हे काम करणारी लष्करी टपाल सेवा 1 मार्च 1972 रोजी स्वतंत्र कोअर झाली आणि तिचे केंद्र आपल्याच नागपूर जिल्ह्यात, कामठीला आहे. जवानापर्यंत पत्र पोचवण्याची घडी लष्कराने अशी चोख बसवली. मात्र तो घरी नसताना त्याच्या घरची सरकारी कामे मार्गी लावण्याची घडी भिवापूरसारख्या तालुक्यात बसली आहे का, हे तपासायला हवे.

फौजेत नेमणुकीचे ढोबळ दोन प्रकार: 'पीस' आणि 'फिल्ड'. पीस स्टेशनवर क्वार्टर मिळाले तर बायको-मुले सोबत राहू शकतात. फिल्डमध्ये कुटुंबाला नेता येत नाही, आणि ही नेमणूक दोन-तीन वर्षे चालते. त्या काळात कुटुंबासाठी वेगळ्या निवासाची सोय लष्कर काही ठिकाणी करते; पण शेती आणि म्हातारे आईवडील मागे असलेले घर सहसा गावातच राहते. जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची नैमित्तिक रजा असते, तीही परिस्थिती पाहून. डिसेंबर 2001 ते ऑक्टोबर 2002 या 'ऑपरेशन पराक्रम'च्या काळात फौज जवळपास दहा महिने सीमेवर उभी होती. मे 2025 मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'च्या वेळी घरी आलेले कितीतरी जवान रजा अर्धी टाकून परतले.

पूर्वी घरची खबर पत्रातून कळे, आता फोनवरून कळते. ऑक्टोबर 2023 मध्ये सियाचीनमध्ये 15,500 फुटांहून अधिक उंचीवर बीएसएनएलचा टॉवर उभा राहिला. फोनने अंतर कमी झाले, पण काळजी वाढली. मुलाला ताप आला, विहिरीची मोटर जळाली, हे त्याच दिवशी कळते आणि तिथून करता काहीच येत नाही. उलट त्याने आपण कुठे आहोत, काय चालले आहे हे सांगायचे नसते; 2020 मध्ये तर लष्कराने जवानांना फेसबुकसह 89 अ‍ॅप काढून टाकायला लावले. बोलणे मग जेवणखाण आणि तब्येतीपाशीच थांबते.

इकडे घर चालवते ती त्याची बायको. भिवापूर म्हणजे भौगोलिक मानांकन लाभलेल्या मिरचीचा तालुका. मिरचीला रोपापासून वाळवणीपर्यंत सतत माणूस लागतो. तोड्यासाठी मजूर जमवणे, माल वाळवणे, भाव पाहून विकणे, आणि त्यातच मुलांची शाळा, सासऱ्यांची औषधे. हे ती निभावते. अडते ते कागदावर. सातबारा नवऱ्याच्या नावावर, बँकेचे खाते त्याचे, मोजणीची नोटीस त्याच्या नावाने. वडील गेल्यावरची वारसनोंद, बांधाचा वाद, पीककर्जाची सही, प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर मिळते: ते आले की या. मग ते येतात, आणि रजेतले दिवस तलाठी कार्यालय, तहसील आणि बँक यांच्या फेऱ्यांत जातात.

याची जाणीव शासनाला नाही असे नाही. भारतीय सैनिक (न्यायालयीन दावे) कायदा 1925 सालचा आहे. विशेष परिस्थितीत सेवेवर असलेल्या आणि न्यायालयात कुणी प्रतिनिधी नसलेल्या सैनिकाविरुद्धचा दावा त्याच्यामागे निकाली निघू नये, अशी सोय त्यात आहे. महसुली व इतर प्रलंबित कामे सोडवण्यासाठी राज्यात 2022 मध्ये 'अमृत जवान सन्मान अभियान' झाले. जुलै 2025 मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिकांच्या कुटुंबांना कायदेशीर मदत देण्यासाठी 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली. पण कायदा दावा थांबवतो, फेरफार करून देत नाही. अभियानाला मुदत असते, तैनातीला नसते. आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय भिवापूरहून 70-80 किलोमीटरवर, नागपुरात आहे. मजुरी बुडवून तिथे जाणे म्हणजे एक दिवस गेलाच.

म्हणून उपाय तालुक्यातच हवा, आणि तो खर्चिक नाही. तहसील कार्यालयाने सेवेतील जवानांच्या कुटुंबांची गाववार नोंद ठेवावी. महिन्यातला एक ठरावीक दिवस त्यांच्या अर्जांसाठी राखावा, त्या दिवशी भूमी अभिलेख आणि बँकेचा माणूसही तिथे बसावा. वारसनोंदीसारखे अर्ज ई-हक्क प्रणालीवर भरता येतात; ते भरून देण्याची आणि कुठे अडले हे कळवण्याची जबाबदारी एका कर्मचाऱ्याच्या नावावर असावी. मोजणीची तारीख जवानाच्या रजेशी जुळवावी. जवानांनीही फिल्डवर जाण्यापूर्वी बायकोच्या नावे मुखत्यारपत्र करावे, संयुक्त खाते उघडावे. व्यवहार तिच्या हाती देणे अनेक घरांत अजून जिवावर येते, पण शेत तीच सांभाळते आहे.

15 ऑगस्टला जवानाच्या आईवडिलांना शाल-श्रीफळ देणारी गावे पुष्कळ आहेत. त्या सन्मानाइतकीच त्यांच्या अर्जावर वेळेत झालेली सही मोलाची आहे. 60 दिवसांतले 10 दिवस जरी कचेरीतून सुटले, तरी ते घराला मिळतील, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही.