ग्लासात फळ किती? एका पपईवाल्याचा सरळ सवाल



आज फवारणीचं वेळापत्रक नाही, ड्रिपचं खत नाही. आजचा विषय ग्लासातला आहे. उन्हाळा लागला की मोबाईलवर एकच धडाका सुरू होतो, ‘कॅफेसारखं फ्रूट ड्रिंक बनवा घरच्या घरी’. आपल्या कोरीटच्या पोरापोरींनाही त्याचं वेड लागलंय, आणि त्यात वाईट काही नाही. पण कृती काय असते ते बघा. ग्लासभर बर्फ, दोन झाकणं स्ट्रॉबेरी सिरप, वरून लिंबू चवीच्या सोड्याची बाटली, शोभेला पुदिन्याचं पान. झालं फ्रूट ड्रिंक!

यात फळ कुठाय भाऊ?

बाटलीतला पाक, बाटलीतला सोडा, फ्रीजमधला बर्फ. घरचं म्हणावं असं त्यात फक्त पाणी आणि पुदिना. याला घरी बनवणं म्हणत नाहीत, याला दुकानातून आणून मिसळणं म्हणतात. आणि हे पपई, केळी, टरबूज पिकवणाऱ्या जिल्ह्यात चाललंय, म्हणून मला बोलायचंय.

आधी ज्याची नक्कल करतोय ते अस्सल तरी काय आहे ते पाहू. स्टारबक्स ही अमेरिकेची कॉफीवाली कंपनी. आपल्याकडे टाटांच्या भागीदारीत आली, पहिलं दुकान मुंबईत हॉर्निमन सर्कलला ऑक्टोबर २०१२ मध्ये उघडलं. त्याच वर्षी अमेरिकेत त्यांनी ‘रिफ्रेशर’ नावाची बर्फाळ फळपेयं काढली. मोबाईलवरच्या बऱ्याच रेसिपी याच पेयांच्या नकला आहेत. पुढे तिथल्या ग्राहकांनी कोर्टात दावा लावला, की नावात आंबा आहे पण पेयात आंबा नाही, नावात असाई आहे पण पेयात असाई नाही. मुख्य माल म्हणजे पाणी, द्राक्षाचा घट्ट केलेला रस आणि साखर. कंपनीचं म्हणणं होतं की नावं चवीची आहेत, आत काय घातलंय त्याची नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी दावा फेटाळायला नकार दिला आणि ११ पैकी ९ मुद्दे पुढे चालू दिले. हा काही अंतिम निकाल नव्हे. पण ‘आंबा’ म्हटलं तर आंबा असेल असं सामान्य माणसाला वाटणारच, एवढं तरी कोर्टाला पटलं.

मला तो ‘नावं चवीची आहेत’ हा बचाव फार झोंबला. आपण आंबा म्हणून कैरी विकली तर व्यापारी ट्रक परत पाठवेल. पपईवर एक डाग दिसला तर फळ बाजूला काढतो. आणि तिकडे फळाच्या नुसत्या नावावर ग्लास विकला जातो.

आता आपल्या देशाचं बोलू. डबाबंद पेयांसाठी आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियम आहेत. फ्रूट ड्रिंक म्हणायचं तर किमान १० टक्के फळरस पाहिजे, लिंबाचं असेल तर ५ टक्के. स्क्वॅश म्हणायचं तर २५ टक्के. म्हणजे १० टक्क्यांच्या पेयात २०० मिलीच्या पाकिटामागे २० मिली फळ, चार चहाचे चमचे. कमी आहे, पण निदान आकडा तरी आहे. कॅफेतल्या ग्लासाला लेबलच नाही. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना मेनूवर कॅलरी लिहाव्या लागतात, त्या वाचायला मिळतील. फळ किती ते मात्र आपण तोंड उघडून विचारावं लागतं.

सरकारी बाजूही ऐका. सप्टेंबर २०१४ मध्ये कर्नाटकात तुमकूरच्या फूड पार्कच्या उद्घाटनाला पंतप्रधान मोदी म्हणाले होते, की कोल्ड्रिंक कंपन्यांनी आपल्या पेयात ५ टक्के फळरस घालावा, म्हणजे फळवाल्या शेतकऱ्याचा माल खपेल. ऐकून बरं वाटलं होतं. मग ऑक्टोबर २०२१ पासून फळरस घातलेल्या गॅसच्या पेयावर २८ टक्के जीएसटी आणि वर १२ टक्के उपकर लागला. म्हणजे बिनफळाच्या कोल्ड्रिंकएवढाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोघांनाही सरळ ४० टक्के. साध्या, बिनगॅसच्या फळरसाच्या पेयावरचा कर मात्र १२ वरून ५ वर आला, ते चांगलं झालं. पण रस घालणारा आणि न घालणारा एकाच तराजूत तोलला, तर रस कोण घालेल?

हे सगळं मी कुठे बसून लिहितोय ते सांगतो. नंदुरबार जिल्ह्याची पपई ट्रक भरभरून उत्तरेला जाते. फळाला पिवळी रेघ आली की तोडायचं, कागदात गुंडाळून भरायचं, कारण पुढे दोन-तीन दिवसांचा प्रवास. रेघ आली त्या दिवशी गाडी आली नाही किंवा भावावरून तोड थांबली, तर फळ झाडावरच पिकतं. शहाद्याच्या बाजार समितीत भावासाठी शेतकरी आणि व्यापारी समोरासमोर बसलेले आपण कितीदा पाहिलेत. झाडावर पिकलेलं फळ सगळ्यात गोड असतं आणि व्यापाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात निकामी. ते गाडीत चढत नाही. बांधावर पडतं, गुरं खातात, उरलेलं सडतं.

ज्या फळाला बाजारात किंमत नाही तेच ग्लासासाठी सगळ्यात चांगलं, हे लक्षात घ्या. पोरं मात्र त्याच दिवशी दुकानातून स्ट्रॉबेरी सिरप आणतात.

आता कोणी म्हणेल, भाऊ, पपईचं कसलं ड्रिंक, तिला वास येतो, फेस येतो, दुधात घातली तर कडू होते. तक्रार खरी आहे. पण दोष पपईत नाही, कृतीत आहे. पपईत पपेन असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं, म्हणून पपईचं मिल्कशेक थोडा वेळ ठेवलं की कडवट लागतं. दूध घालूच नका. वासाला लिंबू आहे. फेस येतो तो मिक्सर जास्त फिरवल्याने.

मी करतो ती कृती अशी, एका मोठ्या ग्लासासाठी:

झाडावर पूर्ण पिकलेली पपई घ्या. साल आणि बिया काढा. एकही बी मिक्सरमध्ये जाऊ देऊ नका, चव तिखट-कडू होते. गराचे बोराएवढे तुकडे ताटात सुटे पसरून फ्रीजरमध्ये पाच-सहा तास ठेवा. हाच तुमचा बर्फ! कॅफेत अर्धा ग्लास बर्फ असतो, तो विरघळला की पेय पांचट होतं. इथे विरघळतं तेही फळच.

१२० ग्रॅम गोठलेले तुकडे, अर्ध्या लिंबाचा रस, दोन चमचे साखर किंवा गूळ, चिमूटभर काळं मीठ, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड, अर्धी वाटी गार पाणी. मिक्सर थांबून थांबून फिरवा, मोजून पाच-सहा वेळा. पातळ हवं तर गाळा. वरून साधा सोडा, तो चमच्याने हलवा. सोडा मिक्सरमध्ये घालू नका, झाकण उडेल. पुदिना हाताने चुरगाळून टाका.

कॅफेसारखे दोन थर पाहिजेत? त्यात जादू नाही. गोड आणि घट्ट ते जड, खाली बसतं. पपईचा गर साखर घालून खाली ओता, त्यावर बर्फाचे दोन खडे, मग बिनसाखरेचं लिंबूपाणी चमच्याच्या पाठीवरून हळूहळू सोडा. खाली केशरी, वर पांढरं. फोटो काढा, मग ढवळून प्या. गुलाबी रंग पाहिजे तर जूनमध्ये जांभूळ आहे. जांभळाच्या गरात लिंबू पिळा, रंग डोळ्यांदेखत खुलतो. हिवाळ्यात अक्कलकुवा तालुक्यातल्या डाबची स्ट्रॉबेरी आहे. आपल्याच सातपुड्यात आदिवासी शेतकरी ती पिकवतात, आणि आपण स्ट्रॉबेरीच्या नावाचा लाल पाक आणतो. आंबटपणासाठी धडगाव-मोलगीकडचं आमचूर आहे. अर्धा चमचा पाण्यात भिजवा, गाळा, गूळ घाला, टरबुजाच्या गारेगार रसात मिसळा. कोणत्या कॅफेत मिळतं सांगा.

बर्फ विकत आणत असाल तर एक ध्यानात ठेवा. मासे-माल थंड ठेवायच्या बर्फाला राज्यात २०१८ पासून निळा रंग घालायचं बंधन केलंय, म्हणजे तो खाण्यात जाऊ नये. शंका आली तर घरचाच बर्फ बरा.

आता हिशेब. पपईला शेतावर किलोला १० रुपये धरा. १२० ग्रॅमचे होतात एक रुपया वीस पैसे. लिंबू, साखर, सोडा मिळून पंधरा-वीस रुपयांत ग्लास बसतो. मोठ्या शहरातल्या कॅफेत फळाच्या नावाचा ग्लास दोनशेच्या पुढे जातो. मी फुकटची ओरड करत नाही. दुकानाचं भाडं आहे, वीज आहे, पोरांचे पगार आहेत, गार हवेत दोन तास बसायची सोय आहे. त्यांनी त्याचे पैसे घ्यावेत. सिरप का वापरतात तेही समजतं. बाटली सहा महिने टिकते, चव बाराही महिने एकसारखी. फळ तसं नसतं. आजचं गोड, उद्याचं फिकं. माझी हरकत दरावर नाहीच. दोनशे रुपयांच्या त्या ग्लासात पिकवणाऱ्याच्या एक रुपया वीस पैशांनाही जागा नसेल, तर त्यावर फळाचं नाव आणि चित्र लावू नका. सरळ लिहा: ‘साखरेचं रंगीत पाणी, स्ट्रॉबेरी स्वादाचं’. बघू किती खपतं.

पण दुसऱ्याला बोलून आपली सुटका नाही. आपल्या लग्नसराईत बघा. ज्या घरची दहा एकर पपई उभी आहे, त्या घरी पाहुण्याच्या हातात काय देतात? रंगीत कोल्ड्रिंक. मांडवाच्या मागे बागेत पिकलेलं फळ पडलेलं आणि मांडवात बाटल्यांची खोकी. का, तर पपई दिली तर लोक काय म्हणतील! घरचं फळ हलकं आणि बाटली भारी, हे आपल्या डोक्यात कोणी भरलं? शहरातल्या गिऱ्हाईकाला आपल्या फळाची किंमत नाही म्हणून आपण रडतो, आणि आपल्याच मांडवात आपण तिला बसायला जागा देत नाही.

म्हणून तीन गोष्टी सांगतो, जमल्या तर करा.

पहिली, कॅफेत गेलात तर जरूर जा, पण ऑर्डर देताना मोठ्याने विचारा, “यात फळ किती? ताजं, गोठवलेलं की सिरप?” भांडू नका, नुसतं विचारा. दहा गिऱ्हाईकांनी विचारलं तर मालक एक खोकं पपई आणून ठेवील.

दुसरी, बाटली घेण्याआधी पाठ फिरवून वाचा. घटक वजनाच्या क्रमाने लिहिलेले असतात, जास्त ते आधी. पहिली दोन नावं पाणी आणि साखर असतील आणि पुढे आयएनएस ११०, १२२, १३३ असे आकडे असतील, तर ते रंग आहेत. रंगांना परवानगी आहे, मान्य. पण परवानगी आहे म्हणून ते फळ होत नाही.

तिसरी, या लग्नसराईत एका तरी मांडवात फळाचं पेय ठेवा. आदल्या रात्री गर काढून गोठवला की सकाळी पाचशे माणसांचं काम दोन मिक्सरवर निघतं. गावातल्या बचतगटाच्या बायांना ते काम दिलं तर चार पैसे गावातच राहतील.

पपईला भाव मिळावा म्हणून आपण समितीत बसतो, रस्त्यावरही उतरतो, ते केलंच पाहिजे. पण फळाला मान मिळवून देणं आपल्या ओट्यावरून सुरू होतं. तिथे कुणाची परवानगी लागत नाही.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, उत्तर देतो. आणि कोणाकडे पपईची याहून चांगली कृती असेल तर मापासकट सांगा, ‘अंदाजे’ नको.

जय जवान, जय किसान.