सुया टोचल्या, खुर्ची का टोचली नाही?

2000 सालच्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या महोत्सवात जपानी दिग्दर्शक ताकाशी मीके यांचा ‘ऑडिशन’ हा चित्रपट दाखवला गेला, तेव्हा माणसं खेळ अर्धवट टाकून भराभर बाहेर पडली. एका बाईने दिग्दर्शकाच्या तोंडावर ‘तुम्ही दुष्ट आहात’ असं सुनावलं, असं सांगतात. त्याच महोत्सवात समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, फिप्रेस्कीने, याच चित्रपटाला पारितोषिक दिलं. तेव्हापासून आजपर्यंत ‘ऑडिशन’बद्दलचा वाद या दोन टोकांमध्ये हेलकावे खातो आहे. कुणाला तो विकृती वाटतो, कुणाला कलाकृती. पण दोन्हीकडची बहुतेक मंडळी बोलतात ती शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांबद्दलच. माझं म्हणणं असं, की या चित्रपटातली पहिली हिंसा त्याच्या कितीतरी आधी, भर उजेडात, हसतखेळत घडते. ती आपल्याला हिंसा वाटतच नाही आणि हा चित्रपट नेमका त्याबद्दल आहे.

आधी गोष्ट सांगतो, शेवटासकट. शेवट झाकून या चित्रपटावर वाद घालता येत नाही.

शिगेहारू आओयामाची बायको रुग्णालयात शेवटच्या घटका मोजते आहे. लहानगा शिगेहिको आईला बरं वाटावं म्हणून स्वतःच्या हातांनी केलेली भेट घेऊन येतो, पण तोवर आई गेलेली असते. सात वर्षांनी मोठा झालेला हा मुलगाच बापाला म्हणतो, आता लग्न करा. आओयामाला बायको हवी ती सुसंस्कृत, एखादी कला येणारी आणि आज्ञाधारक. चित्रपटधंद्यातला त्याचा मित्र योशिकावा तोड काढतो: नायिका हवी म्हणून जाहिरात देऊ, मुलींना बोलावू, त्यातली एक तू निवड. चित्रपट झाला तर झाला. आलेल्या अर्जांतून तीस जणी निवडल्या जातात. आओयामाचं मन मात्र आधीच आसामी यामाझाकी या मुलीच्या अर्जावर बसलेलं असतं. दुखापतीमुळे तिला बॅले सोडावा लागलेला असतो. भेटीगाठी होतात, तो प्रेमात पडतो, ती नाहीशी होते. मग एके रात्री ती त्याच्या घरात येते, औषध देऊन त्याचं शरीर लुळं पाडते, त्याला सुया टोचते आणि तारेने त्याचं पाऊल कापते. मुलगा घरी येतो. ती त्याच्यावरही धावून जाते आणि झटापटीत जिन्यावरून खाली कोसळते.

पहिला आक्षेप सर्वांत जुना: हा दिग्दर्शक रक्ताला चटावलेला आहे, लोकांच्या किळसेवर पैसे कमावतो. आक्षेप घेणाऱ्यांनी जरा घड्याळ पाहावं. चित्रपट जेमतेम दोन तासांचा आहे. त्यातला पहिला तासभर रक्ताचा थेंब दिसत नाही. विधुर बाप, समजूतदार मुलगा, घरातला कुत्रा, संथ संवाद. चित्रपटाचं नाव ठाऊक नसलेल्या माणसाला हा कौटुंबिक चित्रपटच वाटेल. रक्त विकणारा दुकानदार गिऱ्हाइकाला इतका वेळ ताटकळत ठेवत नाही. शिवाय मीके यांना रक्ताचा पूर वाहवता येत नाही असंही नाही. 2001 च्या ‘इची द किलर’साठी टोरांटोच्या महोत्सवात प्रेक्षकांना ओकारीच्या पिशव्या वाटल्या गेल्या आणि ब्रिटनच्या परीक्षण मंडळाने त्यातली सव्वातीन मिनिटं कापली. हाच दिग्दर्शक ‘ऑडिशन’मध्ये तासभर हात आवरून बसतो, म्हणजे त्यामागे काही विचार आहे एवढं तरी मान्य करायला हवं.

दुसरा आक्षेप समाजाच्या काळजीपोटी येतो: असले चित्रपट माणसांना हिंस्र करतात. जपानमध्ये हा प्रश्न फार कडवटपणे विचारला गेलेला आहे. चार लहान मुलींचे खून करणारा त्सुतोमु मियाझाकी 1989 साली पकडला गेला. त्याच्या खोलीत हजारो व्हिडिओ कॅसेट सापडल्या आणि भयपट पाहणारी एक अख्खी तरुण पिढी संशयाच्या पिंजऱ्यात उभी राहिली. ते गुन्हे इतके भीषण होते की लोकांचा संताप समजण्यासारखा आहे. पण कॅसेटी सापडल्या म्हणून कारण सापडलं असं होत नाही. त्याच कॅसेट घरोघरी गेल्या होत्या आणि खुनांचं प्रमाण जगात सर्वांत कमी असलेल्या मोजक्या देशांत जपान तेव्हाही होता, आजही आहे. पडद्यावरच्या हिंसेचा मनावर काहीच परिणाम होत नाही, असं मी म्हणणार नाही. परिणाम होतो म्हणून तर माणसं उठून गेली. पण ज्या हिंसेने पोटात ढवळून येतं ती हिंसा गोड वाटायला लावत नाही. मला धास्ती वाटते ती शंभर माणसं लोळवूनही नायकाच्या शर्टाची इस्त्री न मोडणाऱ्या चित्रपटांची. तिथून उठून कुणी जात नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: हा चित्रपट स्त्रीद्वेष्टा आहे. लहानपणी छळ सोसलेली मुलगी, मांड्यांवर चटक्यांचे डाग, आणि तिचं पुढे काय होतं? राक्षसीण. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. आसामीचं बालपण चित्रपट फार घाईने, कारण दाखवून मोकळं व्हावं अशा पद्धतीने मांडतो. ती चित्रपटाची कमकुवत बाजू आहे.

पण आसामी आपल्याला दिसते ती कुणाच्या डोळ्यांनी? पहिला तासभर आपण आओयामाच्या शेजारी बसून तिला पाहतो: पांढरे कपडे, खाली घातलेली मान, हळू आवाज. ती खरी कोण आहे हे त्याने विचारलेलं नाही आणि आपणही नाही. औषधाच्या गुंगीत त्याला जे लांबलचक स्वप्न पडतं त्यात मेलेली बायको येते, कार्यालयातली एक स्त्री येते, मुलाची मैत्रीणसुद्धा येते. हे आसामीचं मन नव्हे, ही आओयामाची टोचणी आहे. ज्यांना त्याने वापरलं, विसरलं, ज्यांच्याकडे पाहू नये तसं पाहिलं, त्या सगळ्या तिथे हजेरी लावतात. स्त्रीद्वेष्ट्या चित्रपटाने पुरुषाच्या मनाची अशी झडती घेतली नसती.

आता वळतो चित्रपटाच्या चाहत्यांकडे. त्यांचेही दोन पंथ आहेत आणि मला दोन्ही पटत नाहीत. एक पंथ म्हणतो, हा स्त्रीचा सूड आहे, आओयामाला त्याच्या कर्माचं फळ मिळालं. हे ऐकायला बरं वाटतं, पण खोटं आहे. आओयामा खलनायक नाही. तो चांगला बाप आहे, बायकोच्या आठवणीने व्याकुळ होणारा आहे, आसामीवर त्याचं मनापासून प्रेम बसतं. आणि निरपराध शिगेहिकोचं काय? जशास तसं मिळालं, हिशेब मिटला असं हा चित्रपट सांगत असता तर आपण निवांत घरी जाऊन झोपलो असतो. तो हिशेब जुळूच देत नाही. भल्या माणसाने सहज केलेली गोष्ट हिंसा असू शकते, हे तो सांगतो.

दुसरा पंथ शूरांचा. शेवटची पंधरा मिनिटं डोळ्यांची पापणी न लववता पाहिली की यांची छाती फुगते. पहिला तास कंटाळवाणा आहे, पुढे ढकला, असा सल्ला हे लोक नवख्यांना देतात. मला हे उठून जाण्यापेक्षा वाईट वाटतं. उठून गेलेल्याला निदान काहीतरी लागलं. पुढे ढकलणाऱ्याने चित्रपट पाहिलाच नाही.

मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका मित्राच्या खोलीत, सतरंजीवर बसून, सात-आठ जणांत. ऑडिशनचा प्रसंग आला. मोठी रिकामी खोली, एका बाजूला टेबलामागे दोन पुरुष, समोर बऱ्याच अंतरावर एकटी खुर्ची. एकेक मुलगी येते, बसते, उठते. प्रश्नांना धरबंध नाही: तारकोव्हस्कीचा चित्रपट पाहिला आहे का, इथपासून ते प्रेम नसलेल्या माणसाशी शरीरसंबंध आला आहे का, इथपर्यंत. मागे खेळकर संगीत. त्याआधी आओयामा म्हणतो की आपल्याला पहिली गाडी विकत घेतल्यासारखं वाटतं आहे. आम्ही मोकळेपणी हसलो. सुयांच्या वेळी दोघे जण उठून गच्चीवर गेले. आमच्यातली एक मैत्रीण मात्र हसली नव्हती आणि उठलीही नाही. चहा पिताना तिने एवढंच सांगितलं, “त्या खुर्चीवर मी दोनदा बसले आहे. कऱ्हाडला. एकाने चालून दाखव म्हटलं होतं.”

त्या दिवशी मला चित्रपट कळला. जपानमध्ये ठरवून लग्न करताना ‘ओमिआई’ नावाची रीतसर भेट होते. आपल्याकडे कांदेपोहे होतात. तिथे निदान दोन्ही बाजूंना ठाऊक असतं की कशासाठी जमलो आहोत. आओयामाच्या खोलीत तेही नाही. मुली आल्या आहेत काम मागायला आणि त्यांना निवडलं जातं आहे बायको म्हणून. त्यांचं आयुष्य, त्यांचे घाव, त्यांची शरीरं दोन अनोळखी पुरुषांपुढे उघडी केली जातात, एका थापेच्या जोरावर. आसामीने पुढे जे केलं ते भयंकर आहे आणि त्याचं समर्थन होणार नाही. पण या प्रसंगावर प्रेक्षागृह हसतं आणि सुयांवर संतापतं, तेव्हा आपल्या संतापाचा काटा कुठे अडकला आहे हे कळतं. पुरुषाचं शरीर टोचलं की ती हिंसा. मुलींचं मन टोचलं की तो विनोद. दिग्दर्शकाने ते संगीत मुद्दाम खेळकर ठेवलं, असं मी मानतो. त्याने आपल्याला हसू दिलं आणि त्या हसण्याची किंमत शेवटी मागितली.

दिग्दर्शकाचं कसब पाहायचं तर टेलिफोनचा प्रसंग पाहावा. मित्राच्या सल्ल्यावरून आओयामा तिला काही दिवस फोन करत नाही. इकडे आसामी रिकाम्या खोलीत जमिनीवर बसली आहे. मान खाली, केस चेहऱ्यावर आलेले, पुढ्यात काळा फोन, मागे एक मोठं पोतं. काहीच घडत नाही. फोन वाजतो. केसांआड तिचे ओठ हसतात आणि मागचं पोतं एकाएकी उसळी मारतं. रक्त नाही, हत्यार नाही, तरी अंगावर सर्रकन काटा येतो. पोत्यात काय आहे हे पडद्याने दाखवण्याआधीच आपल्या मनाने पाहिलेलं असतं.

मराठी प्रेक्षकाला ही जादू नवी नाही. तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’ या नाटकातल्या साडीवरच्या रक्ताच्या लाल डागावर परीक्षण मंडळाने हरकत घेतली, तेव्हा दिग्दर्शक डॉ. श्रीराम लागूंनी डाग निळा केला आणि हा डाग लाल समजावा अशी प्रेक्षकांना सूचना दिली. निळा डाग मनातल्या मनात लाल करताना प्रेक्षकालाच हातभार लावावा लागला. न दाखवता दाखवण्याची ही ताकद ओंगळपणातून येत नाही. तिला प्रेक्षकावर विश्वास लागतो.

आणि सुयांच्या प्रसंगातही कानावर लक्ष ठेवावं. आसामी लहान मुलीसारखी लाडिक आवाजात ‘किरी किरी किरी’ म्हणत सुई खुपसते. इंग्रजी उपशीर्षकांत त्याचं ‘खोल, आणखी खोल’ होतं आणि अर्धा अर्थ गळतो. जपानी भाषेत ‘किरीकिरी’ हा कळ मारण्याचा ध्वनी आहे, आपण ‘ठसठस’ किंवा ‘चुरचुर’ म्हणतो तसा. ज्या भाषेत जखम ठसठसते आणि डोळे चुरचुरतात तिच्या वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. आसामी हुकूम सोडत नाही, दुखण्याचं नाव घेते. शब्द खोटे असतात, वेदना खोटी नसते, अशी तिची धारणा आहे. ही धारणा वेडाची आहे. पण चित्रपटाची जाहिरात, नायिकेची भूमिका, मुलाखत, असे सगळेच शब्द ज्यांनी तिच्यापुढे खोटे ठेवले, त्यांनी त्या वेडाला दुजोराच दिला.

म्हणून उठून जाणाऱ्यांशी माझं भांडण नाही. सहन न होणं हा प्रामाणिक प्रतिसाद आहे आणि शरीराने दिलेला कौल कुणी हसण्यावारी नेऊ नये. माझा वाद आहे तो दारातून बाहेर पडताना दिलेल्या निकालाशी. जिथे आपल्याला दुखलं तिथेच गुन्हा घडला, असं त्यात गृहीत धरलेलं आहे.

शेवटी दोघेही जायबंदी होऊन पडलेले असतात, चेहरे एकमेकांकडे. मान मोडलेली आसामी पुटपुटते ते त्यांच्या भेटीगाठींच्या काळातलंच बोलणं: तुमच्या फोनची मी किती वाट पाहिली. त्या वेळी हे आपल्याला गोड वाटलं होतं, मग पोतं दिसल्यावर भयानक. आता तिसऱ्यांदा ऐकताना ते फक्त खरं वाटतं. मी हा चित्रपट नंतर अनेकदा पाहिला आणि दर वेळी इथे मला त्या खोलीतल्या बाकीच्या एकोणतीस जणी आठवतात. त्यांचं काय झालं ते चित्रपट सांगत नाही आणि कुणा प्रेक्षकाने विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. त्यांनाही कुणी कळवलं नसणार की चित्रपट नव्हताच. त्याही आपापल्या घरी फोनजवळ बसून राहिल्या असतील.