खोक्यातला जवान

परवा मावसभावाकडे गेलो होतो. बरोबर सहा वर्षांचा भाचा. दिवाणखान्यात काचेचं कपाट, आत दिवे, आणि ओळीने उभे जी. आय. जो. निम्मे तर अजून पुठ्ठ्यावरच्या प्लॅस्टिकमध्ये सीलबंद! भाचा काचेला नाक लावून उभा. "हात नाही हं लावायचा, ते शोचे आहेत," इति दादा. मग पोरगं पाऊण तास हात मागे धरून बसलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही, म्हणून इथे लिहितोय. (दादा हा ब्लॉग वाचतो. वाच रे दादा.)

1964 साली हॅस्ब्रोने पहिला जो काढला तेव्हा 'बाहुली' म्हटलं तर मुलगे घेणार नाहीत म्हणून 'ॲक्शन फिगर' असं नाव दिलं. 1982 मध्ये तो पावणेचार इंचांचा झाला, पुढच्या वर्षी हात दंडातून फिरायला लागला. मान वळते, कोपर वळतं, गुडघा वळतो. एवढे सांधे कशाला दिले? कपाटात सावधान उभं राहायला? शोभाच हवी तर पुतळा घ्यावा, त्याची तक्रार नसते.

आमच्याकडे फनस्कूलचे दोन होते. दिवाळीत किल्ल्यावर महाराजांच्या मागे पहाऱ्याला असायचे. मातीच्या मावळ्यांना कुणी हलवायचं नाही, ते मांडायचेच. पण या दोघांना रोज नवी मोहीम! त्यातला एक अळिवाच्या शेतात हरवला, तो किल्ला मोडताना सापडला. अंगठा गायब. तरी पुढच्या वर्षी कामावर हजर.

"अरे पण किंमत वाढते." कशामुळे वाढते, सांगू? केनरची 1978 ची स्टार वॉर्सची माणसं आज महाग आहेत, कारण तेव्हाच्या पोरांनी खोकी टराटरा फाडली आणि माणसं मातीत लोळवली. 1995 मध्ये ती मालिका पुन्हा आली तेव्हा मोठ्या माणसांनी शहाणपणा करून गठ्ठ्याने घेतली, सीलबंद ठेवली. सगळ्यांनीच ठेवली! त्यातली बहुतेक आजही स्वस्तात मिळतात.

आणि सीलबंद म्हणजे सुरक्षित हाही भ्रमच. या जुन्या जोचं धड आणि पाय आतल्या एका रबरी रिंगवर तोललेले असतात. रबर ते रबर. खोक्यातही कुजतं.

हे मला कसं कळलं? कबूल करतो, माझ्याकडेही एक होता. वीसेक वर्षं माळ्यावर, न उघडलेला. दादाकडून परतल्यावर त्याच रात्री भाच्यासमोर फोडला. पहिल्यांदा वाकवला आणि पाय हातात! मी हळहळलो, भाचा खदाखदा हसला.

दुसऱ्या दिवशी हार्डवेअरवाल्याकडून मापाची रिंग आणली. सध्या जवान बादलीत पाणबुड्या आहे. अंगठा अजून शाबूत आहे, पण फार दिवस राहील असं वाटत नाही.