करंजीची पोलिश बहीण

मैत्रिणींनो, वडीलधाऱ्यांना परका पदार्थ खाऊ घालायचा, तर आधी त्याची गोष्ट सांगावी. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका-मुलंच. त्यांच्याकडची ‘पियेरोगी’ म्हणजे पाण्यात उकडलेली खारी करंजी! मांजर्लीत आमच्या सासूबाईंनी आधी नाक मुरडलं. ही हकिकत ऐकली आणि म्हणाल्या, “पोरंबाळं घेऊन कुठून कुठे आल्या गं! वाढ एक.”

मैदा कोमट पाण्यात भिजवा. पारीत उकडलेला बटाटा, पनीर, परतलेला कांदा, मीठ, मिरपूड भरा. कडा घट्ट दाबा, नाहीतर सारण पाण्यात जाईल. मिठाच्या उकळत्या पाण्यात सोडा. तरंगल्यावर २-३ मिनिटांनी काढा. वर लोण्यात परतलेला कांदा घालून गरमच वाढा हं!