कळ सापडली, गोळी पोहोचते का?

गर्भातील बालकाच्या रक्तात निराळे हिमोग्लोबिन असते. जन्मानंतर काही महिन्यांत ते जवळजवळ बंद होते व प्रौढ हिमोग्लोबिन त्याची जागा घेते. सिकलसेलचा दोष या दुसऱ्यात. म्हणूनच रुग्ण बालक आरंभी निरोगी भासते. पहिले बंद ठेवणारी एक प्रमुख कळ म्हणजे ‘बीसीएल११ए’ हे जनुक, हे २००८मध्ये उमगले. मूळ पेशींतील ती कळ फिरवून गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा निर्माण करणाऱ्या उपचाराला २०२३च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेने मान्यता दिली. संशोधकांची तपश्चर्या वंदनीयच. पण अमेरिकेत या उपचाराची किंमत ठरली २२ लाख डॉलर! गडचिरोली वा नंदुरबारच्या पाड्यावर हाडे पिळवटणाऱ्या वेदनेने रात्र जागवणाऱ्या वनवासी मुलाला त्याचा काय उपयोग?

त्याला उपयोग आहे हायड्रॉक्सियुरियाचा. हे जुने, स्वस्त औषधही तेच हिमोग्लोबिन वाढवते. मात्र ते नियमित घ्यावे लागते आणि रक्तही वेळोवेळी तपासावे लागते. जुलै २०२३मध्ये आरंभलेल्या राष्ट्रीय मोहिमेने ७ कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले. ते योग्यच. परंतु तपासणीनंतर गोळी दरमहा पाड्यापर्यंत पोहोचते का, हे विचारणारा कार्यकर्ता हवा.

वाहक मुलीचे लग्न मोडू पाहणाऱ्यांनाही त्याने खडसावावे. वाहक म्हणजे रोगी नव्हे. जोडीदाराचे रक्त निर्दोष असेल, तर अपत्याला हा रोग होत नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणी चारात एक अशी शक्यता. मग मुलाचे रक्त तपासलेच नसताना दोष एकट्या मुलीच्या माथी कोणत्या न्यायाने?